उत्तरदाता क्रमांक दोनशे बारा

डॉ. केयूर देवस्थळी यांना मी मूर्ख समजते, हे आधीच सांगून टाकते. नंतर कुणी म्हणायला नको की आडून आडून बोलले. बेलापूरला एका काचेच्या इमारतीत सहाव्या मजल्यावर त्यांचं संशोधन केंद्र आहे. निवडणुका, राजकीय पक्ष आणि माध्यमांचं वार्तांकन हा त्यांचा विषय. तिथे मी अडीच वर्षं फील्ड इन्व्हेस्टिगेटर होते. फील्ड म्हणजे ऊन. एसीत बसणाऱ्यांना संशोधक म्हणतात.

सर मूळचे पुण्याचे, राहायला पाम बीच रोडला. ‘ग्राउंड’ हा शब्द उच्चारताना ते दोन्ही तळवे खाली दाबतात, जमीन वर येईल की काय अशी भीती असल्यासारखे. प्रत्यक्ष ग्राउंडवर एकदाच आले. एपीएमसीच्या कांदा-बटाटा मार्केटात, सकाळी अकराला, म्हणजे निम्मं काम आटोपल्यावर. पोत्यांच्या थप्पीला टेकून फोटो काढून घेतला, कांद्याच्या धुळीने तीनदा शिंकले आणि गाडीत जाऊन बसले. तो फोटो केंद्राच्या वेबसाइटवर पहिल्याच पानावर आहे. मागे पोतं उचलणारा माणूस आमच्या आण्णांच्या टोळीतला, पण फोटोत त्याचं डोकं कापलं गेलंय.

आण्णा म्हणजे माझे वडील, हौसेराव चाळके. सदतीस वर्षं माथाडी, त्यातली शेवटची अकरा टोळीचे मुकादम. आम्ही पाटण तालुक्यातले. म्हणजे आण्णा पाटण तालुक्यातले. माझा जन्म इथलाच, माथाडी वसाहतीतल्या नऊ नंबरच्या बिल्डिंगमधला. हा फरक आण्णांना कधी मान्य झाला नाही. गावच्या टाकीचा कॉक आज कुणी फिरवला याची खबर त्यांना मार्केटात बसून लागते, आणि समोरच्या बिल्डिंगला नवा रंग लागला हे महिन्याने कळतं. आम्ही पोरं यावर हसत मोठी झालो. मी जरा जास्तच हसले.

साठ पुरी झाली की आण्णा निवृत्त होऊन गावी जाणार होते. नुसते जाणार नव्हते, ग्रामपंचायतीला उभे राहणार होते. वॉर्ड क्रमांक दोन. शाळेमागच्या ओढ्यावर साकव बांधायचा, ही त्यांची दहा वर्षांची जपमाळ. साकवाची मापं त्यांनी एका वहीत काढून ठेवली होती. मी म्हणायचे, “आण्णा, एवढ्याशा पुलासाठी कुणी निवडणूक लढवतं का?” ते म्हणायचे, “मग कशासाठी लढवत्यात?” उभं राहायचं तर गावच्या मतदारयादीत नाव लागतं. ते नाव आण्णांनी सदतीस वर्षं जपलं होतं. यादी नवी आली की गावाला फोन करून, पान आणि अनुक्रमांक विचारून, मगच त्यांना जेवण जायचं.

आता संशोधनाकडे येते. नवी मुंबईतल्या स्थानिक वर्तमानपत्रांनी आणि केबल चॅनलांनी विधानसभेच्या आधी जे छापलं-दाखवलं, त्याने कामगार मतदारांचं मत बदललं का, असा सरांचा प्रश्न होता. त्यासाठी सहा महिन्यांची वर्तमानपत्रं तुर्भ्याच्या एका रद्दीवाल्याकडून आणली. चार मुलं फूटपट्ट्या घेऊन बातम्या मोजत बसली. प्रत्येक बातमीला उणे दोन ते अधिक दोन असे गुण. रस्त्याला खड्डा पडला, ही बातमी सत्ताधाऱ्यांना उणे एक. पण त्याच खड्ड्याकडे बोट दाखवत त्यांचा नेता फोटोत उभा असेल, तर अधिक एक. बेरीज शून्य. म्हणजे खड्ड्याचा कुणावरच परिणाम होत नाही, हे शास्त्रीय पद्धतीने सिद्ध झालं. वाढदिवसाच्या शुभेच्छांची पानभर जाहिरात ही बातमी धरायची की नाही, यावर तीन बैठका झाल्या आणि तिन्ही बैठकांना सँडविच आलं.

मतदारांकडे जायचं काम माझं. निकालानंतरच्या तीन आठवड्यांत चारशे बारा फॉर्म, दिवसाला वीस. फॉर्मच्या पहिल्या ओळीत लिहिलेलं होतं की आपलं नाव कुठेही येणार नाही. मी ती ओळ प्रत्येक दारात वाचून दाखवली. ऐकली कुणीच नाही. हौसेराव मुकादमाची पोरगी दारात आलीय, एवढं त्यांना पुरे होतं. “ये पोरी, बस. च्या घे. लिव काय लिवायचं ते.”

चौदावा प्रश्न होता: या निवडणुकीत आपण कोणत्या पक्षाला मत दिलंत? लोकांनी सांगितलं, आणि खरं सांगितलं. फक्त ते गावचं सांगितलं.

हे वसाहतीतल्या शेंबड्या पोरालाही समजावून सांगावं लागत नाही, पण सरांसारख्यांसाठी सांगते. मतदानाच्या आदल्या संध्याकाळी मार्केटच्या गेटवर गाड्या लागतात. पाटण, जावळी, कोरेगाव, वाई. गाड्या उमेदवारांच्या असतात, पण तसं कुणी म्हणत नाही. ‘गावची गाडी’ म्हणायचं. टोळ्याच्या टोळ्या चढतात. सकाळी मत देतात, घराची कौलं बघतात, म्हातारीला भेटतात आणि तांदळाचं पोतं घेऊन परत येतात. नाव दोन्ही याद्यांत असतं. नगरसेवकाच्या वेळी इथं मत, बाकी सगळ्याला गावाला. यात आपण काही वावगं करतोय असं एकालाही वाटत नाही. घर दोन ठिकाणी आहे, मग नाव एकाच ठिकाणी कसं, असा त्यांचा सरळ सवाल.

तर चौदाव्या प्रश्नाची उत्तरं होती पाटण-कोरेगावकडची, आणि सर त्यांची सांगड घालणार होते वाशीच्या वर्तमानपत्रांशी. दुसऱ्याच दिवशी हे माझ्या लक्षात आलं. मी प्रत्येक फॉर्मच्या कडेला ‘गावी’ असा शेरा लिहायला लागले आणि सरांकडे गेले.

“सर, चौदाव्या प्रश्नात गडबड होतेय. ही माणसं...”

“उत्कर्षा, शेरे नंतर बघू. आधी कोडिंग.” सरांनी लॅपटॉपमधून मान काढली नाही. “फील्डला गेलं की माणसाला सगळंच महत्त्वाचं वाटतं. ट्रस्ट द डेटा.”

मनात म्हटलं, पडा खड्ड्यात. अधिक एक.

एका दिवशी एकोणीसच फॉर्म भरले. नातेवाइकांची मुलाखत घ्यायची नाही, असा नियम होता. पण विसावं दार शोधायला पायात त्राण नव्हतं. आण्णा कामावरून येऊन पाय धूत होते. म्हटलं, “आण्णा, एक फॉर्म भरायचाय.” ते धुतलेला शर्ट घालून आले, खुर्चीवर ताठ बसले आणि म्हणाले, “हां, लिवा म्याडम.” वय, काम, इथं किती वर्षं, गाव कुठलं, नाव कुठल्या यादीत, सगळं त्यांनी कोर्टात साक्ष द्यावी तसं सांगितलं. परक्या माणसाला दोन याद्यांचं सांगताना ते जरा आवरून बोलले असते. पोरीपुढे कशाला आवरतील? तो फॉर्म ऑफिसात गेला आणि त्याला क्रमांक पडला दोनशे बारा.

सरांचा निष्कर्ष वाशीच्या एका हॉटेलात, पडद्यावर, रंगीत तक्त्यांसह जाहीर झाला. स्थानिक माध्यमांच्या वार्तांकनामुळे अडतीस टक्के माथाडी मतदारांनी पक्ष बदलला. समोरच्या रांगेत एका स्थानिक दैनिकाचे संपादक बसले होते. आपलं वर्तमानपत्र कुणी वाचतं, हाच त्यांना धक्का होता. त्यात ते वाचून अडतीस टक्के माणसं फिरली म्हटल्यावर त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी उठून सरांना मिठी मारली. दुसऱ्या दिवशी त्यांच्या दैनिकात सरांची चार कॉलमी बातमी, फोटोसह. आमच्या फूटपट्टीने अधिक दोन.

मी मागे उभी राहून हे बघत होते आणि मला इतकं हसू येत होतं की चहाचा कप खाली ठेवावा लागला. तेवढ्यात सरांनी मला स्टेजवर बोलावलं. माझ्या खांद्याच्या जरा वर, हवेत हात ठेवून ते म्हणाले, “आणि ही उत्कर्षा. हिचे वडील मार्केटमध्ये हमाल आहेत. शी इज अवर अ‍ॅक्सेस.”

टाळ्या पडल्या. माझं एम.ए. पहिल्या वर्गातलं, चारशे बाराच्या चारशे बारा फॉर्म माझ्या हातचे, आणि मी अ‍ॅक्सेस. आणि आण्णा हमाल. अकरा वर्षं टोळी चालवणाऱ्या मुकादमाला हमाल म्हणायची मार्केटात कुणाची छाती नाही. माझं हसू तिथल्या तिथे संपलं.

दुसऱ्या दिवशी मी केबिनमध्ये गेले ती त्यांना तोंडावर पाडायलाच.

“सर, ती माणसं मतदानाच्या दिवशी नवी मुंबईत नव्हतीच.”

“म्हणजे?”

“म्हणजे गावी होती. साताऱ्याकडे. वाशीची बातमी वाचून माणूस पाटणच्या उमेदवाराला मत कसं देईल? मी फॉर्मवर लिहिलंय सर. चारशे बारातल्या तीनशे सत्तेचाळीस फॉर्मांवर. तुम्ही शेरे नंतर बघणार होतात.”

खोटं कशाला बोलू, हे सांगताना मला जी मजा आली ती आयुष्यात क्वचितच आली असेल. मी थांबलेच नाही. गेटवरच्या गाड्या सांगितल्या, दोन याद्या सांगितल्या, कुठल्या निवडणुकीला कुठे मत हे बोटांवर मोजून सांगितलं. वसाहतीने घरात बसवून, चहा पाजून मला जे सांगितलं होतं, त्यातलं काहीही मी हातचं राखलं नाही. या माणसाला आपण किती अडाणी आहोत हे पुरतं कळायला हवं होतं.

सरांनी लॅपटॉप मिटला. मला वाटलं, शरमले. मग त्यांच्या तोंडावर हळूहळू हसू पसरलं.

“उत्कर्षा, धिस इज मच बिगर. दुबार मतदार! सगळे यावर बोलतायत आणि डेटा कुणाकडेच नाही. आपल्याकडे आहे.”

काल मी अ‍ॅक्सेस होते, आज ‘आपल्या’त आले. मी विचारलं, “आणि कालचे अडतीस टक्के?”

“तो पहिला टप्पा होता. आता आपली समज अधिक सखोल झाली, असं लिहू.”

कोडगेपणात पीएच.डी. मिळत असती तर सरांना दोन मिळाल्या असत्या. पण माझ्या पीएच.डी.चा विषयही त्यांनीच काढला. नव्या शोधनिबंधावर सहलेखिका म्हणून माझं नाव, विद्यापीठाला शिफारसपत्र, आणि चौथा भाग, मुलाखतींचा, सगळा मी लिहायचा. विचार करायला वेळ मागितला, असं इथे लिहायला मला आवडलं असतं. मी जागच्या जागी हो म्हटलं.

“नावं येणार नाहीत ना सर?”

“छे, छे. सगळं निनावी. नुसते क्रमांक.”

नुसते क्रमांक वाचायला कंटाळवाणे असतात. म्हणून मी क्रमांकापुढे वय घातलं, काम घातलं, इथल्या वास्तव्याची वर्षं, बिल्डिंग आणि गावातला वॉर्ड घातला. तपशिलाने माणूस उभा राहतो, हे मला ठाऊक होतं आणि सरांना नव्हतं, याचा मला अभिमान होता. तीन आठवडे खपून मी तो भाग लिहिला. इंग्रजी असं घोटून घोटून केलं की सरांना एक स्वल्पविराम हलवता आला नाही. त्यांना जळवायचं हेच माझ्या डोक्यात. वसाहतीतलं कुणी हे वाचेल, असा विचारही शिवला नाही. ही माणसं थोडीच इंग्रजी शोधनिबंध वाचणार आहेत, असं मी धरून चालले होते. सरही तेच धरून चालले होते. या एका बाबतीत आमचं एकमत होतं.

वर्षभराने निबंध प्रसिद्ध झाला. मी घरी मोबाइलवर पहिलं पान दाखवलं. उत्कर्षा हौसेराव चाळके. आण्णांनी चष्मा लावून अक्षरं लावली, काचेवर बोट फिरवलं.

“माजं बी नाव छापलंय की.”

आई, सत्यभामा, भाकरी थापता थापता म्हणाली, “बापाचं नाव छापलं, आईचं न्हाई. मला काय त्यातलं.” पण तिने हात धुऊन मोबाइल स्वतःच्या हातात घेऊन पाहिला.

“मला धाड ते,” आण्णा म्हणाले. मी धाडलं. सगळंच्या सगळं, एकोणीस पानं. पहिलं पान वेगळं काढून पाठवायला दोन मिनिटं लागली असती, पण मला बाहेर जायची घाई होती. आण्णांनी ते टोळीच्या ग्रुपवर टाकलं, वसाहतीच्या ग्रुपवर टाकलं, आणि गावच्या भावकीच्या ग्रुपवरही टाकलं. खाली लिहिलं, ‘माझी मुलगी उत्कर्षा हिचा अभ्यास छापून आला आहे. सर्वांनी वाचावा ही विनंती.’

विनंती केली म्हणून कुणी वाचत नसतं. अंगठे आले, फुलं आली, जोडलेले हात आले. वाचला तो एकट्या रणजीतने. रणजीत म्हणजे आण्णांच्या चुलतभावाचा मुलगा. कराडला इंजिनिअरिंग करून गावातच राहिलेला, आणि वॉर्ड दोनमधून स्वतः उभं राहायच्या तयारीत. मी त्याला कायम गावंढळ समजत आले. मोठमोठ्या विद्वानांनी ज्या निबंधाची फाइल उघडली नसेल, तो या गावंढळाने अकराव्या पानापर्यंत वाचला आणि समजून घेतला. आठवड्याच्या आत त्याने तहसीलला हरकत टाकली की हौसेराव चाळके नवी मुंबईचे रहिवासी आहेत, त्यांचं नाव गावच्या यादीतून काढावं. पुरावा म्हणून अकरावं पान. पानावर नाव नव्हतं, पण मुकादम, वय अठ्ठावन्न, नऊ नंबरची बिल्डिंग, वॉर्ड दोन एवढं होतं. असा माणूस जगात एकच.

ग्रामपंचायतीची निवडणूक तीन महिन्यांवर आली होती. मी सरांना फोन केला.

“बट इट्स अनॉनिमाइज्ड, उत्कर्षा,” सर म्हणाले. “टेक्निकली आपली काहीच चूक नाही.” मग गोड आवाजात, “त्या हरकतीची एक प्रत मिळेल का? आपल्या संशोधनाचा इम्पॅक्ट म्हणून अहवालात दाखवता येईल.”

मी फोन ठेवून दिला. त्यांना द्यायला शिव्या खूप होत्या, पण प्रत्येक शिवीच्या शेवटी अकरावं पान येत होतं, आणि ते पान त्यांनी लिहिलेलं नव्हतं. आण्णांनी मला एका शब्दाने विचारलं नाही. रणजीतला तेवढं म्हणाले, “वाचलंस, बरं केलंस.” आणि वहीतली साकवाची मापं पुन्हा एकदा तपासत बसले.

तहसीलने पडताळणीसाठी इथल्या निवडणूक कार्यालयाला कळवलं, आणि एका शनिवारी दुपारी यादीचं काम बघणाऱ्या भोपी मॅडम घरी आल्या. मनस्वी भोपी, पालिकेच्या शाळेत शिक्षिका, घणसोली गावातल्या. पिशवीत मुलांच्या तपासायच्या वह्या आणि त्यांच्या मधोमध आमची फाइल.

“काका, पानी द्या जरा. चार जिने हायेत तुमचे,” असं म्हणत त्या बसल्या. पाणी पिऊन त्यांनी अकराव्या पानाची छापील प्रत टेबलावर ठेवली. मधला एक परिच्छेद पिवळ्या पेनाने रंगवलेला होता.

“ह्ये मी वाचलंय. आता तुमी काय सांगाल ते मी लिवनार. माझं काम तेवढंच हाय. तुमी गावाला किती राहता, इथं किती, सांगा. आनी ह्ये छापलेलं चूक असल, तर चूक हाय म्हना. मी तसं लिवते. मग तहसीलवाले परत चौकशी लावतील, त्यात जातील चार-पाच महिने.” त्यांनी आवाज उतरवला. “कुनी पन कायपन छापतंय हल्ली, काका.”

चार-पाच महिन्यांत निवडणूक होऊन गेली असती. आण्णांचं नाव यादीत राहिलं असतं, अर्ज भरता आला असता. हे आण्णांना कळलं, मला कळलं, आणि दारात पदर खोचून उभ्या असलेल्या आईलाही कळलं.

बोलायला हवं होतं ते मी. मॅडम, ते मी लिहिलंय आणि चुकीचं लिहिलंय, एवढंच. पण तसं म्हटलं की खोटा डेटा लिहिणारी म्हणून शिक्का बसला, शिफारस गेली, पीएच.डी. गेली. शिवाय लिहिलेलं खोटं नव्हतं, आणि नेमकं त्याच वेळी मला संशोधनाच्या सचोटीची आठवण झाली. नातेवाइकाचा फॉर्म भरताना ती सचोटी कुठे शेण खायला गेली होती? मी बोलणार होते, असं मी आजही स्वतःला सांगते. पण तोंड उघडायला मी जेवढा वेळ लावला, तेवढ्यात आण्णा बोलून मोकळे झाले.

“चूक न्हाई म्याडम. बरोबर हाय. ते माज्या पोरीनं लिवलंय. ती खोटं लिवत न्हाई.”

मॅडमनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग आण्णांकडे. “काका, इचार करून सांगा. गावचं नाव जाईल तुमचं.”

“जाऊ द्या. नाव ऱ्हावं म्हणून पोरीला लबाड म्हणू व्हय? ऱ्हातो मी हितंच. काम हितं, रेशन हितं. लिवा.”

“अवो, पर निवडणूक?” आई म्हणाली. “साकवाचं काय?”

“रणजीत बांधंल की. वढा कुटं पळून चाललाय.”

मॅडम बराच वेळ लिहीत होत्या. आण्णांनी सही केली. एरवी झपकन सही करणारा माणूस, पण ‘हौसेराव’ त्यांनी एकेक अक्षर जोडून लिहिलं. मॅडमनी चहा अर्धाच घेतला. वह्यांची पिशवी उचलून त्या गेल्या. अकराव्या पानाची प्रत टेबलावरच राहिली.

आण्णांनी ती उचलली, चष्मा पुसला आणि पान माझ्यापुढे धरलं.

“ह्ये मला कुणी वाचूनच दावलं न्हाई. वाच बघू. मराठीत सांग.”

मी सांगायला लागले. उत्तरदाता क्रमांक दोनशे बारा, पुरुष, वय अठ्ठावन्न.

“बरोबर.”

माथाडी टोळीचा मुकादम.

“बरोबर.” मुकादम म्हटल्यावर त्यांनी आईकडे पाहिलं.

नवी मुंबईत वास्तव्य छत्तीस वर्षं. दोन्ही याद्यांत नाव. नगरसेवकासाठी मत इथं, बाकी गावी.

“बरोबर. सगळं बरोबर लिवलंय,” आण्णा म्हणाले. “आन् ह्ये खालचं?”

खाली एकच वाक्य उरलं होतं. मी त्या निबंधात लिहिलेलं सगळ्यात देखणं वाक्य. लिहून झाल्यावर मी ते मोठ्याने दोनदा वाचलं होतं, इतकं मला आवडलं होतं. मराठीत ते फिरवून, मऊ करून सांगता येईल का, हे मी पाहिलं. येत नव्हतं.

“‘या माणसाचं गाव आता फक्त मतदारयादीत उरलं आहे,’” मी वाचलं. “‘तिथे त्याची वाट पाहणारं कुणी नाही, आणि हे त्याच्याखेरीज सर्वांना माहीत आहे.’”

आण्णा बरोबर म्हणाले नाहीत. आईने पदर तोंडाला लावला. आण्णांनी पान माझ्या हातातून घेतलं, त्या ओळीवर, न कळणाऱ्या इंग्रजीवर, नजर रोखून बसले.

“ह्ये सरांनी लिवलं आसंल,” ते म्हणाले.

हो म्हणणं किती सोपं होतं! निबंधावर सरांचं नाव माझ्या आधी होतं. त्यांच्या माथी काहीही मारलं तरी शोभलं असतं, आणि आण्णांनी माझ्यावर लगेच विश्वास ठेवला असता.

“नाही आण्णा,” मी म्हटलं. “मी लिहिलंय.”